तांब्याचा गरम तुकडा थंड पाण्यात टाकून त्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापायला लागणारी उष्णता) काढली, तर ती ०.३८५ ज्यूलऐवजी ०.३२ च्या आसपास येते. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा उष्णता वाटेतच जाते. उकळत्या पाण्यातून तुकडा काढून कॅलरीमापीत (उष्णता मोजायच्या, थंड पाणी भरलेल्या भांड्यात) टाकेपर्यंत तो निवतो, आपण मात्र हिशेबात पूर्ण १०० अंश धरतो. पुण्याच्या उंचीवर तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तापमान गृहीत धरू नका, मोजा. कॅलरीमापीने घेतलेली उष्णता सोडली तरी उत्तर कमीच येतं. उलट तुकड्याला चिकटून गरम पाणी आत गेलं तर उत्तर वाढतं, म्हणून तुकडा झटकन फडक्याने टिपून मग आत टाका.

पण खरी गोम पाण्याच्या वस्तुमानात आहे. १०० ग्रॅम तांबं १०० अंशांना, १५० ग्रॅम पाणी २५ अंशांना. मिश्रण जेमतेम २९.३ वर थांबतं. म्हणजे १५० × ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्माधारकता) × ४.३ भागिले १०० × ७०.७, उत्तर ०.३८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. वाढच ४.३ अंशांची, त्यात वाचनात अर्धा अंश इकडेतिकडे झाला की १२ टक्के चूक! पाणी तुकडा जेमतेम बुडेल इतकंच घ्या म्हणजे वाढ मोठी येईल, हलक्या हाताने ढवळत राहा आणि तापमान सर्वांत वर गेलं की तेवढंच टिपा. थर्मोकोलचा झाकणवाला कप शाळेतल्या धातूच्या कॅलरीमापीपेक्षा बरा.