आधी शिक्षकांचा पूल पडू दे

शिक्षकांच्या पहिल्याच प्रशिक्षणात डिझाइन प्रक्रियेची (कल्पना, बांधणी, चाचणी, सुधारणा) आकृती फळ्यावर काढू नकोस. शिक्षक ती वहीत उतरवून घेतात आणि विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा चार कागद आणि हातभर चिकटपट्टी दे, ३० सेंटिमीटरच्या फटीवर पूल बांधायला सांग. वजनाला नाणी. पहिला पूल बहुतेक वाकतोच. तेव्हा मदतीला धावू नकोस (मला हे जमायला बराच काळ लागला). मग कुणीतरी कागदाला पन्हाळी पत्र्यासारख्या घड्या घालतं आणि तोच कागद ताठ उभा राहतो. तिथे थांबून विचार, असं का झालं? एका वेळी एकच बदल करायला लाव, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. दुसऱ्या फेरीचा वेळ आधीच राखून ठेव. आणि गुण पुलाला नको, काय बदललं नि काय झालं याच्या नोंदींना दे.