कोकणात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आरशांचा सौर औष्णिक प्रकल्प टाकता येईल का? जागा आणि यंत्रणा कशी निवडावी?

वीज करायची असेल तर नको. सडा मोकळा आहे, सावली नाही, सगळं कबूल. पण आरशाला थेट ऊन लागतं आणि ते आपल्याकडे कमी. 2013 साली 50 मेगावॅटचा प्रकल्प जैसलमेरकडे नोखला उभा राहिला, तो उगीच नाही.

वेंगुर्ल्याला आमचा काजूचा कारखाना आहे. बी उकडायची वाफ आम्ही टरफलं जाळून करतो. पुण्याचे मेहुणे दर मे महिन्यात येणार, आंबे खाणार आणि सुनावणार, "भावजी, एवढं ऊन फुकट जातंय नि तुम्ही धूर काढताय!" शिर्डीच्या संस्थानात 2009पासून आरशांच्या 73 डिशवर, म्हणजे ऊन एका जागी आणणाऱ्या मोठ्या तबकड्यांवर, जेवण शिजतं, हे त्यांचं पालुपद. अहो, शिर्डी घाटापलीकडे, तिथली हवा कोरडी! शेवटी सासऱ्यांच्या शब्दाखातर सड्यावर एक डिश उभी राहिली.

मार्चात अकरा वाजता अंगाची काहिली होते, पण दमट हवेत ऊन विखरून येतं आणि विखुरलेलं ऊन आरशाला एका जागी आणता येत नाही. आपल्याच सावलीची कड बघा. ती पुसट दिसली की समजायचं, ऊन विखुरलेलं आहे. मेहुणे रिसीव्हरजवळ, म्हणजे ऊन एकवटून वाफ व्हायची तिथे, घाम पुसत उभे नि वाफेच्या दाबाच्या गेजचा काटा जागचा हलेना. काचेवरून बोट फिरवलं तर चिकट थर, जिभेला लावला तर खारट. तो धुवायला गोडं पाणी हवं, ते उन्हाळ्यात सड्यावर कुठून आणणार? पुढे आरशांच्या कडा काळ्या पडल्या, डिश सूर्यामागे फिरवणारी ट्रॅकिंगची चेन गंजून अडकली. 2021च्या तौक्ते वादळात चौकटच पिळवटली. जांभ्यात अँकर फास्टनर, म्हणजे दगडात भोक पाडून ठोकायचा बोल्ट, धरत नाही, दगडाचा भुसा होतो. काँक्रीटचा पाया घाला, हे मी आधीच सांगत होतो.

गरम पाणी हवं असेल तर साध्या सपाट प्लेटचा कलेक्टर घ्या, तांब्याच्या नळ्यांचा. त्याला विखुरलेलं ऊनही चालतं. आमच्या बॉयलरचं पाणी त्यावर कोमट होऊन जातं, पुढची वाफ टरफलांवरच. काचेच्या ट्यूब स्वस्त पडतात, पण माडाखाली किंवा माकडांच्या वाटेवर लावू नका. तोंड दक्षिणेला, नटबोल्ट खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 स्टेनलेस स्टीलचे, आणि समुद्रापासून जितकं आत जाता येईल तितकं जा. वीजच हवी तर साधे सोलर पॅनल.

हे सगळं किनारपट्टीपुरतं. घाटमाथ्यापलीकडे जमीन असेल तर हिशेब वेगळा. पावसाळ्यात मात्र कलेक्टरवरही विसंबू नका, हे सांगायचं राहिलं. विक्रेत्याकडून वर्षाचा डीएनआयचा, म्हणजे थेट उन्हाचा आकडा मागा. ते जीएचआय, म्हणजे एकूण उन्हाचा आकडा दाखवतात, त्यात विखुरलेलं ऊनही धरलेलं असतं, म्हणून कोकणही भरघोस दिसतं. मेहुण्यांनी आणलेल्या कागदावर जीएचआयच होतं. मी तेव्हाच बोट ठेवून दाखवलेलं, ते अजून मान्य करत नाहीत.