अभ्यासक्रम शिकवावा, पण कोणाला?

प्रश्न : मी कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर परिसरात बारा वर्षे करसल्लागार म्हणून काम करतो. मी सनदी लेखापाल नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून माझी नोंदणी आहे. नवे अशील मिळावेत म्हणून ‘संपूर्ण जीएसटी’ नावाचा तीस तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याचे मी ठरवले आहे. मात्र, सगळेच शिकवून टाकले तर लोक माझ्याकडे कशाला येतील, असे व्यवसायातील मित्र विचारतात. काय करावे?

उत्तर : आपला बेत चांगला आहे, त्याचे नाव मात्र मला काळजीत टाकते. ‘संपूर्ण जीएसटी’ शिकायला कोण येईल, याचा विचार करावा. नोकरीच्या शोधात असलेले वाणिज्य शाखेचे विद्यार्थी येतील आणि दुसऱ्यांच्या कार्यालयांत हिशेब लिहिणारे कारकून येतील. त्यांना शिकवणे हे मोलाचेच काम आहे, पण त्यांतून आपल्या टेबलावर फाइल येणार नाही. मी स्वतः करसल्लागार असून, २०२० च्या टाळेबंदीत नेमके हेच केले होते. घरातल्या खोलीत बसून मी सेहेचाळीस पाठ ध्वनिचित्रमुद्रित केले. नागपूर आणि नांदेडहून आभाराचे निरोप आले, कोल्हापुरातून मात्र एकही अशील आला नाही.

पुढच्या वर्षी मी एकच विषय घेतला : जॉब वर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात प्रक्रिया करून घेण्यासाठी, बाहेर पाठवलेल्या मालाचे चलन (मालासोबत जाणारा नोंदीचा कागद). चार संध्याकाळी, प्रत्येकी चाळीस मिनिटे. कारण झूमच्या विनामूल्य खात्यावर तेवढाच वेळ मिळतो. एकोणीस जण होते, बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगावचे मशीन शॉपवाले. दुसऱ्या दिवशी त्यांतील एका गृहस्थांनी आपले चलनबुक कॅमेऱ्यासमोर धरले. पानावर तेलकट बोटांचे ठसे होते, कास्टिंगचे नग आणि वजन नीट लिहिलेले होते, आणि तारखेची जागा कोरी होती. माल कधी गेला, असे मी विचारले, त्यांना आठवेना. जॉब वर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही किंवा तेथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवठा, म्हणजे विक्रीसारखाच करपात्र व्यवहार, झाला असे कायदा मानतो. म्हणजे त्या कोऱ्या जागेवरच कराचा सगळा हिशेब अवलंबून होता. हे सांगताच उरलेल्या अठरा जणांनी आपापली चलनबुके उघडली. महिनाभरात ते गृहस्थ तीन वर्षांची चलने पिशवीत घालून माझ्या कार्यालयात आले.

आपल्या मित्रांच्या शंकेचे उत्तर मला त्या पिशवीत मिळाले. ज्याचे काम साधे आहे तो शिकून स्वतः करील, आणि तो पूर्वीही आपल्याला फी देणार नव्हता. ज्याचे काम गुंतागुंतीचे आहे त्याला ते तसे आहे हेच ठाऊक नसते. वर्गात ते उमगते, आणि ज्याच्यामुळे उमगले त्याच्याकडेच तो येतो. म्हणून हात राखून शिकवू नये. अर्धवट शिकवणारा माणूस कामही अर्धवट करील, असे लोक लगेच ताडतात.

विषय निवडताना आपल्या दारासमोरून जाणाऱ्या माणसाकडे पाहावे. उद्यमनगरात मला सर्वांत निकडीचा वाटतो तो थकीत बिलांचा विषय. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. एवढे बळ हाती असूनही आपले छोटे कारखानदार मोठ्या खरेदीदाराच्या फाटकापाशी तासन्‌तास उभे राहतात, याचे मला फार वाईट वाटते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), बिलावर तिचा क्रमांक, माल पोहोचल्याची सही आणि थकीत पैशांसाठीचा सरकारी पोर्टलवरील अर्ज, एवढेच तीन संध्याकाळी शिकवावे. शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या व्यापाऱ्यांसाठी निराळा वर्ग घेता येईल, कारण सुटा गूळ करमुक्त असला तरी वेष्टनबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागू झाला, आणि किलोच्या ढेपेवर चिकटवलेल्या छोट्या कागदाने काय बदलते हे अनेकांना उशिरा कळले.

ध्वनिचित्रमुद्रित पाठांवर फार विसंबू नये. कोल्हापुरी चपलेचेच पाहा. दीड हजार रुपयांच्या जोडावर १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडांवर ५ टक्के झाला. जुना पाठ तसाच राहिला असता, तर आपल्याच आवाजात चुकीचा दर सांगितला गेला असता. थेट वर्ग घ्यावा, आणि ध्वनिचित्रमुद्रण ठेवायचेच असेल तर त्यावर तारीख ठळक लिहावी.

शुल्क थोडे का होईना, घ्यावे. फुकट वर्गाला नाव नोंदवणारे पुष्कळ, बसणारे थोडे. आपली जीएसटी नोंदणी असेल तर या शुल्कावर १८ टक्के कर आकारावा लागेल, आणि नसेल तर नोंदणीसाठीची वीस लाखांच्या वार्षिक उलाढालीची मर्यादा मोजताना व्यवसायाची फी व वर्गाचे शुल्क एकत्र धरावे लागेल.

प्रश्न : मी जिल्हा न्यायालयात दहा वर्षे वकिली करते. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून पक्षकारांमध्ये बरीच उत्सुकता आहे. त्यांच्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम घेऊन माझ्या कामाची माहिती द्यावी का?

उत्तर : या हेतूने घेऊ नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील नियम ३६ प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रीतीने काम मागण्यास आणि जाहिरात करण्यास मनाई करतो. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणी क्रमांक, पात्रता आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली, त्यापलीकडे नाही. पक्षकारांना जमवून ‘मला भेटा’ असे सुचवणारा वर्ग या मनाईच्या फार जवळ जातो. सनदी लेखापालांवरही १९४९ च्या त्यांच्या कायद्याने अशीच बंधने आहेत, हे त्या व्यवसायातील वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आपल्यासाठी दुसरी वाट मला अधिक सरळ वाटते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम येथे चालू लागले. गडहिंग्लज, सावंतवाडी किंवा चिपळूणच्या तरुण वकिलांना अपिलाची पुस्तिका (कागदपत्रांचा क्रमवार संच) कशी लावावी, दाखल करताना कोणत्या हरकती निघतात आणि त्या कशा दूर कराव्यात, हे जाणून घ्यायचे असते. ते त्यांना मनापासून शिकवावे. आपल्या प्रकरणांची नावे आणि छायाचित्रे त्यात आणू नयेत. ज्या सहव्यावसायिकाने आपले बारकाईचे काम पाहिले आहे, तो उद्या स्वतःला येणे शक्य नसेल तेव्हा आपल्याला विचारील. तरीही पहिला वर्ग जाहीर करण्यापूर्वी त्याचा मजकूर बारमधील एखाद्या ज्येष्ठ वकिलांना अवश्य दाखवावा.

प्रश्न : मी राजारामपुरीत आहारतज्ज्ञ आहे. मधुमेहींसाठी वर्ग मराठीत घ्यावा की इंग्रजीत? आणि वर्गातच वैयक्तिक आहार सांगावा का?

उत्तर : मराठीतच घ्यावा, आणि मापेही स्वयंपाकघरातली घ्यावीत. कर्बोदकांचे ग्रॅम सांगितले की लोक मान डोलावतात. आपलीच वाटी आणि आपलीच भाकरी कॅमेऱ्यासमोर ठेवायला सांगितली की कोणाची भाकरी केवढी, हे सर्वांनाच दिसते. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा प्रश्न कोणीतरी विचारणारच, तेव्हा त्याचे उत्तर तयार ठेवावे. वैयक्तिक आहार मात्र वर्गात सांगू नये. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीचे ताट वेगळे असते, आणि शेजारच्या चौकटीत बसलेला माणूसही तेच लिहून घेत असतो. अशांचे रिपोर्ट पाहून, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून, स्वतंत्र वेळ द्यावी. ही बाब पहिल्याच दिवशी वर्गाला स्पष्ट सांगावी.