सोरोरिटीचा रश: सही करण्याआधी

तुमची मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या वर्षाला जातेय आणि सोरोरिटीच्या (विद्यार्थिनींच्या संघटनेच्या) रशला, म्हणजे भरतीच्या फेऱ्यांना, नाव द्यावं का, असं विचारलंय. खुशाल देऊ दे. नुसत्या नोंदणीने ती कुठे अडकत नाही, मधल्या कुठल्याही फेरीत बाहेर पडता येतं. जपायचं ते शेवटच्या, प्रेफरन्सच्या फेरीत.

नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिटींच्या महासंघात २६ सोरोरिटी आहेत. त्यातल्या तिच्या कॅम्पसवर असतील त्या फेरीगणिक मुली गाळत जातात. प्रेफरन्सचे कार्यक्रम संपले की लगेच पसंतीक्रम भरून करारावर सही करायची असते. घरी फोन करून विचारू म्हटलं तर तेवढी सवड मिळत नाही, म्हणून बोलणं आधीच होऊ द्या. तिने लिहिलेल्या यादीतल्या घराकडून (म्हणजे सोरोरिटीकडून) बिड, म्हणजे सदस्यत्वाचं बोलावणं, आली आणि तिने नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य रशपर्यंत त्या कॅम्पसवर या २६ पैकी दुसरीकडे जाता येत नाही. म्हणजे 'असू दे, लिहून ठेवते' चालणार नाही. पण दोन घरांनी प्रेफरन्सला बोलावलं असताना एकच नाव लिहिलं आणि तिथली यादी भरली, तर काहीच हाती लागत नाही. जिथे खरंच जायची तयारी आहे, तेवढीच नावं लिहावीत.

पैशांचं लेखी घ्या. सेमिस्टरची वर्गणी सगळे सांगतात. नव्या सदस्याची फी, बॅज, टी-शर्ट, कार्यक्रम चुकवल्याचा दंड हे विचारल्याशिवाय कळत नाही. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षी सोरोरिटीच्या घरात राहावंच लागतं. तेव्हा अपार्टमेंटचा करार आधी करून बसलात तर दोन्हीकडे भाडं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्या कमाईवर हा खर्च बसवू नका. शाकाहारी असेल तर आठवड्याचा मेनू मागून बघा.

डेल्टा फाय ओमेगासारख्या दक्षिण आशियाई सोरोरिटीही आहेत (स्थापना १९९८, ह्यूस्टन). त्यांची भरती वेगळी चालते, तीही चौकशी करा.

हेझिंगची, म्हणजे नव्या सदस्यांच्या रॅगिंगची, भीती रास्त आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात फ्रॅटर्निटीच्या (मुलांच्या तशाच संघटनेच्या) नव्या मुलांना दारू पाजण्याच्या प्रकारात एका विद्यार्थ्याचा जीव गेला. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल वेबसाइटवर टाकणं बंधनकारक झालंय. नावं लिहिण्याआधी तो वाचा. फोन काढून घेणं, रात्री-बेरात्री बोलावणं, 'बाहेर बोलायचं नाही' अशी ताकीद, यातलं काहीही दिसलं की तिने निघावं. आणि ते इनिशिएशनच्या (पक्कं सदस्य करून घेण्याच्या विधीच्या) आधी, कारण एकदा इनिशिएशन झालं की या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीचं दार कायमचं बंद होतं.