मुलाला फादर व्हायचंय

प्रश्न : फादर, माझा धाकटा यंदा बारावीला आहे. पुढे फादरचं शिक्षण घ्यायला सेमिनरीत जायचं म्हणतो. आमची घरची होडी आहे, थोरला मुंबईला नोकरीला. लोक म्हणतात देवाची कृपा झाली, मला मात्र रात्री झोप लागत नाही. खेड्यातल्या फादरचं आयुष्य कसं असतं? पगार किती? आजारी पडला, म्हातारा झाला तर त्याच्याजवळ कोण?
– एक आई, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. "तुला जेवायला कोण वाढणार?" एवढंच ती म्हणाली आणि चुलीपुढे बसून राहिली.

पैशाचं आधी सांगतो. दारिद्र्याचं व्रत जेझुइटांसारख्या संन्यासी संघांतले फादर घेतात, धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या मुलखातले आमच्यासारखे फादर नाही. आम्ही बांधलेले असतो ते ब्रह्मचर्याला आणि बिशपांच्या आज्ञेला. महिन्याला थोडा भत्ता, राहायला चर्चचा बंगला, आणि मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, लोक देतात ते दान. एका दिवसात दोन-तीन मिस्सा केल्या तरी दान एकाच मिस्साचं ठेवता येतं, नाताळ तेवढा सोडून. घरी थोडीफार मदत करता येईल, पण होडीचं कर्ज त्याच्या भरवशावर काढू नका. 75व्या वर्षी पॅरिशचा, म्हणजे गावच्या चर्चच्या जबाबदारीचा, राजीनामा बिशपांकडे द्यायचा. पुढे त्याच्या राहण्याखाण्याची सोय धर्मप्रांताने बघायची, असा चर्चचा नियमच आहे.

आता खरं आयुष्य. माझी पहिली पॅरिश खाडीपलीकडची. एका आषाढात रात्री अकराला एक मुलगा दार ठोठावत आला. आजीला तेल लावायला बोलावलंय म्हणाला. फार आजारी माणसाला फादर प्रार्थना म्हणत पवित्र तेल लावतात, ते हे. वाटेत गुडघाभर पाणी, वीज गेलेली. मी म्हटलं, उजाडताच येतो. उजाडताच गेलो, तर अंगणात ताडपत्री बांधत होते. मला कोणी एक शब्द बोललं नाही. त्याच मुलाने माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि आत नेलं.

त्या दिवसापासून तेलाची बाटली माझ्या उशाशी असते. बोटाएवढी बाटली, आत तेलात भिजवलेला कापूस. पुढे अशाच एका रात्री एका कोळणीकडे गेलो. आधी कपाळाला तेल लावायचं, मग दोन्ही तळव्यांना. जन्मभर मासळी कापून तिच्या तळव्यांना चिरा पडल्या होत्या. तेल त्या चिरांत उतरलं, तशी तिने मूठ मिटली. माझं बोट आतच राहिलं. पहाटेपर्यंत मी तसाच बसून होतो.

एकटेपणाबद्दल खोटं सांगणार नाही. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा संपते, माणसं हसत-बोलत घराकडे निघतात, अंगण रिकामं होतं. आपण एकटेच दिवे मालवत फिरायचं. सकाळी घराघरांतून नेवऱ्या येतात, ताटं ठेवायला जागा पुरत नाही, पण ती रात्र जड जातेच. त्याहून जड जाते बदली. पाच-सहा वर्षांत पोरं कडेवरून शाळेत जातात, कोणाच्या घरी काय दुखतंखुपतं ते कळू लागतं, आणि पत्र येतं. 2005 साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला. त्याआधी तर मला इथून थेट पुण्याला धाडलं होतं. तिथे पहिला पाऊस पडला तेव्हा समुद्राचा आवाज नव्हता. मी रडलो.

बाकी दिवस लोकांचेच. बांधावरून भांडणारे भाऊ, पासपोर्टसाठी जुना दाखला मागणारे, दारू सुटावी म्हणून स्वतःहून येऊन बसणारे.

मुलाला अडवू नका, ढकलूही नका. शिक्षण सात-आठ वर्षांचं, कधी जास्तही. पंचविशीच्या आत सहसा गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, देत नाहीत, आणि तिच्या आधीच्या पायरीची, डीकनची दीक्षा होईपर्यंत परतीचं दार उघडं असतं. माझ्याबरोबरचे कितीतरी परतले, संसाराला लागले, आजही मिस्साला पहिल्या बाकावर असतात. तो परत आला तर त्याला हिणवू नका, एवढं मात्र माझ्यासाठी करा.

एकदा तुमच्या फादरना बाप्तिस्म्याची वही दाखवायला सांगा. प्रत्येक नोंदीपुढे समासात जागा सोडलेली असते. लग्न झालं की ते तिथे लिहितात, गुरुदीक्षा झाली की तीही तिथेच. तो कुठल्याही गावी फादर असो, त्याची नोंद तुमच्याच चर्चच्या वहीत, तुमच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावाशेजारी राहते.