बार्लीचा पेंढा शेततळ्यात कधी टाकावा

चार गुंठ्यांचं शेततळं, रोहू-कटला सोडलेले, पाणी हिरवंगार झालंय. बार्लीचा पेंढा टाकला तर आठवड्यात निवळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही निवळणार. आणि आत्ता टाकूच नका.

पेंढा आलेलं शेवाळ मारत नाही, नवं वाढू देत नाही. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड कालव्यावरचे प्रयोग 1990 मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांतही तो वापरला गेला. काही ठिकाणी मात्र काहीच फरक पडला नाही, हेही मनाशी धरा. खरं काम त्याच्या कुजण्याचं. भरपूर हवा मिळाली की पेंढ्यातलं लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारं द्रव्य, हळूहळू विघटित होतं, त्यातून पाण्यात उतरलेल्या द्रव्यांवर ऊन पडलं की किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं, असं मानतात. निळं-हिरवं शेवाळ त्यापुढे लवकर हार मानतं. कुजायला वेळ लागतो, म्हणूनच थंड पाण्यात गुण यायला 6 ते 8 आठवडे लागतात, 20 अंश सेल्सिअसच्या वर एक-दोन.

मी पहिल्या वर्षी घट्ट बांधलेले गठ्ठे तसेच सोडले होते. आत हवा शिरली नाही, पेंढा काळा पडला, कुजका वास सुटला. पेंढा मोकळा हवा. कांद्याच्या जाळीदार गोणीत सैल भरा, आत बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या घाला म्हणजे गोणी वरच तरंगेल. प्रमाण चौरस मीटरला 25 ते 50 ग्रॅम, म्हणजे तुमच्या तळ्याला 10 ते 20 किलो. खोली मोजायची नाही, पृष्ठभाग मोजायचा. जास्त घातलं तर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. तुमच्या तळ्यात तर आधीच शेवाळ दाटलंय, रात्री तेही प्राणवायू घेतं. पहाटे मासे तोंड वर काढताना दिसले तर पेंढ्याचा विचार बाजूला ठेवा, आधी एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावा.

एक काठी बुडवून बघा. हिरवे धागे गुंडाळून आले तर ते तंतुमय शेवाळ, हाताने ओढून काढता येतं. रंग सांडल्यासारखा थर दिसला तर ते निळं-हिरवं असू शकतं. गुरांना ते पाणी पाजू नका. औषध टाकून ते एकदम मारलं तर पेशींतलं विष पाण्यात सुटतं.

सध्या खाद्य कमी करा, शेणखत थांबवा, जमेल तेवढं पाणी बदला. पेंढा पुढच्या फेब्रुवारीत, पाणी स्वच्छ असताना टाका.