मुंबई समजून घ्यायची तर आधी कामधंदा पाहा, मग वस्ती

तुमच्या लेकीला वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी लागली आहे, तुम्ही नांदेडचे आणि मुंबईत जवळचं कुणी नाही. हे शहर एकंदर आहे तरी कसं, तिने राहावं कुठे आणि मराठीवर निभावतं का, असं तुम्ही विचारलंय. मी परळच्या चाळीत वाढलो, नोकरी फोर्टात केली आणि आता बरीच वर्षं मुलुंडला आहे. त्या भरवशावर जरा सविस्तर लिहितो.

मुंबई दाखवायची म्हटलं की लोक गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली फिरवतात. त्याने शहर बघून होतं, पण कळत नाही. माझा ठोकताळा असा, की कुठल्याही वस्तीत गेलं की विचारावं, इथली माणसं कोणत्या कामासाठी आली? या शहरात माणसं कामामागून आली आणि काम होतं त्याच्या जवळच राहिली. एवढं लक्षात ठेवलं की इथली सरमिसळ गोंधळाची वाटत नाही.

आधी जमिनीचं सांगतो. मूळची सात बेटं: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधल्या खाड्या बुजवून ती जोडली. वरळीची खाडी बांध घालून अडवली ती 1784च्या सुमारास, आणि माहीम-वांद्रे जोडणारा रस्ता झाला 1845 मध्ये. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बंदर, मग शहर वाढणार कुठे? उत्तरेला. म्हणून मुंबई ही दक्षिणोत्तर लांबच लांब, अरुंद पट्टी आहे. 2011च्या जनगणनेत या पट्टीत 1 कोटी 24 लाख माणसं होती, आणि त्यात ठाणे, कल्याण, वसई-विरार, नवी मुंबई धरलेली नाही.

आता माणसं. सगळ्यात आधीचे कोळी. पहाटे ससून डॉकला गेलात तर हे शहर मासेमारीवर उभं होतं ते अजून दिसतं. बोटी लागलेल्या असतात, बर्फाच्या गाड्या रिकाम्या होत असतात, पाटीभोवती कोंडाळं करून लिलाव चाललेला असतो आणि एका बाजूला बायका रांगेने बसून कोळंबी सोलत असतात. हा डॉक 1875चा. वरळी, माहीम, वर्सोवा, खारदांडा, सायन इथले कोळीवाडे त्याहून कितीतरी जुने. वांद्र्याची आणि गिरगावातल्या खोताच्या वाडीची ईस्ट इंडियन मंडळीही इथलीच. धर्माने ख्रिस्ती, घरातली बोली मराठी. आरे आणि बोरिवलीच्या जंगलाकाठच्या पाड्यांवर वारली राहतात. हे लोक कुठून आलेले नाहीत, शहरच त्यांच्याकडे आलं.

बंदर वाढलं तसे पारशी, कच्छी, गुजराती, बोहरी व्यापारी आले. मशीद बंदर, भेंडी बाजार, झवेरी बाजार इथे त्यांच्या पेढ्या आणि घरं जवळजवळ. माटुंग्याला दाक्षिणात्य कुटुंबं आली ती बरीचशी कारकुनी आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांसाठी. धारावीला लोक नुसती झोपडपट्टी म्हणतात याचं मला वाईट वाटतं. तिथे सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा अख्खा कुंभारवाडा आहे, तमिळनाडूहून आलेल्यांचा चामड्याचा धंदा आहे, साऱ्या शहराचं प्लास्टिक तिथे निवडलं जातं. फाळणीनंतर चेंबूरला सिंधी आले, सायन-कोळीवाड्याला पंजाबी.

आणि गिरणगाव. पहिली कापडगिरणी 1854 मध्ये निघाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड हा भाग कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी भरून गेला. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा जण. दिवसपाळीवाले आले की रातपाळीवाले निघायचे, म्हणून ते मावायचे. जेवायला खानावळ, चालवणाऱ्या बायका गावाकडच्याच. गणपती, भजनी मंडळ, कबड्डी, कामगार रंगभूमी, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, सगळं या चाळींतून उभं राहिलं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट, त्यात या माणसांचं रक्त सांडलेलं आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद झाल्या. आज त्या जागी टॉवर आणि मॉल आहेत. लेक परळ-लोअर परळला गेली तर काचेच्या इमारतींमागे एखादी उंच चिमणी अजून उभी दिसेल. तिला सांगा, थांबून बघ.

इथून पुढे माझा ठोकताळा उलटा होतो. काम हललं. कचेऱ्या फोर्टातून वांद्रे-कुर्ला, अंधेरी, पवई, गोरेगावकडे गेल्या. घरं मात्र परवडेनाशी झाली, म्हणून माणसं विरार, बदलापूर, पनवेलपर्यंत फेकली गेली. काम आणि घर यांच्यात जे अंतर पडलं, तेच आजच्या मुंबईकराचं आयुष्य आहे, आणि ते लोकलवर चालतं.

म्हणून घर शोधताना एरिया किती छान आहे हे नंतर बघा, आधी लाइन बघा. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरार-डहाणूकडे, मध्य रेल्वे सीएसएमटीहून कल्याण आणि पुढे कसारा-कर्जतकडे, हार्बर पनवेलकडे. वांद्रे-कुर्ला संकुलाला मध्य आणि हार्बरवरून कुर्ल्याला उतरून, किंवा पश्चिमेवरून वांद्र्याला उतरून जायचं. पुढे बस किंवा शेअर रिक्षा, आणि संध्याकाळी त्या रिक्षांना रांग असते. शिवाय आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो आता थेट संकुलातून जाते. माझ्या मते तिने चेंबूर, घाटकोपर, मुलुंड यांपैकी कुठे तरी, स्टेशनपासून चालत अंतरावर बघावं. सुरुवातीला वर्किंग वुमन्स हॉस्टेल किंवा दोघीतिघींत मिळून फ्लॅट. करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट वेगळं आणि ब्रोकरची दलाली साधारण एका महिन्याचं भाडं. सोसायटीची अट काय, बाहेरगावचे पाहुणे चालतात का, हे पैसे देण्याआधी स्पष्ट विचारा.

गाडीचं तंत्र आठवडाभरात येतं. फलाटावरच्या इंडिकेटरवर स्लो की फास्ट, बारा डब्यांची की पंधरा, हे बघायचं. उतरायच्या आधीच्या स्टेशनला उठून दाराशी जायचं आणि पुढच्या बाईला विचारायचं, "कुर्ला उतरायचंय का?" विरार फास्ट किंवा कर्जत फास्टमध्ये जवळच्या स्टेशनसाठी चढू नये, आतून उतरता येत नाही. रविवारी घराबाहेर पडताना मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी कुठल्या लाइनवर गाड्या बंद आहेत ते, बघावा. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो. रात्री दहाला एकटी मुलगी गाडीने घरी येते यात इथे कुणाला नवल वाटत नाही, आणि या शहराबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान याचाच आहे.

मराठीचं विचारलंत. मातृभाषा म्हणून सगळ्यात मोठा गट मराठीचाच, पण निम्म्याहून कमी. रिक्षावाला, दुकानदार आपणहून हिंदीत सुरू करतो, म्हणून आपणही हिंदीत घसरतो. तिने मराठीतच बोलावं. बहुतेकांना कळते, आणि आपण बोललो की तेही बोलतात. दादर, गिरगाव, परळ, विलेपार्ले, मुलुंड, डोंबिवली इथे तिला परकं वाटणार नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर तर मराठवाडाच लोटतो. तुमच्याकडची माणसं तेव्हा शिवाजी पार्कला भेटतील.

राहिला पाऊस. तो हलक्यात घेऊ नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. एरवीही जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली की गटारांचं पाणी समुद्र घेत नाही, आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे असे खोलगट भाग तुंबतात. कुर्ल्याला मिठी नदी आहे, तिथे नदीलगतचं तळमजल्याचं घर मुळीच घेऊ नका. घर बघायला गेलात की ब्रोकरला बाजूला ठेवून वॉचमनला आणि खालच्या वाण्याला दोन गोष्टी विचारा: जुलैत पाणी कुठवर येतं, आणि नळाला किती वाजता येतं.